सॅलॅमँडरची वसंतयात्रा



कोंकणांत ज्यांचें बालपण गेलें आहे त्यांना मृगाच्या पहिल्या दमदार पावसाची रात्र खचित आठवत असेल. दिवेलागणीपासून पाऊस कोसळत असतो, व्हाळ दुथडी भरून वाहूं लागतात, आणि कंदील घेऊन माणसें शेतांच्या बांधांवर निघतात. कारण नदीतले मासे प्रवाहाच्या उलट चढून भातखाचरांत अंडीं घालावयास येत असतात. यांनाच चढणीचे किंवा वलगणीचे मासे म्हणतात. लहानपणीं मला मासे धरण्यापेक्षां वडील मंडळींच्या अंदाजाचेंच अधिक नवल वाटे. पंचांगांत अशी कांहीं तिथि छापलेली नसते. मग मासे, बेडूक आणि माणसें हीं तिन्ही एकाच रात्रीं घराबाहेर कशीं पडतात? आज ज्या प्राण्याविषयीं मी बोलणार आहें तो आपल्या सह्याद्रींत मुळींच नाहीं; परंतु त्याची रात्र मात्र आपल्या ओळखीची आहे.

हा प्राणी म्हणजे सॅलॅमँडर. दिसण्यांत तो पालीसारखा किंवा सरड्यासारखा. पण जातीनें बेडकाचा भाऊबंद. अंगावर खवले नाहींत, त्वचा ओलसर आणि गुळगुळीत, पाय आखूड, शेपूट लांब. त्याच्या पुष्कळ जाती आहेत. त्यांपैकीं उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागांतील ठिपकेदार सॅलॅमँडर हा आजच्या कथेचा नायक होय. वीतभर लांबीचा, म्हणजे 15 ते 25 सेंटिमीटर, आणि काळसर पाठीवर पिवळ्याधमक ठिपक्यांच्या दोन ओळी असलेला असा हा देखणा जीव आहे. 1802 सालीं जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानें त्याचें शास्त्रीय नामकरण केलें, आणि तेंही त्याला सरड्यांच्या वंशांत घालून! बारशालाच कूळ चुकलें. वर्षांतील बहुतेक काळ हा प्राणी रानांत जमिनीखालीं, उंदीर-चिचुंद्र्यांनीं खोदलेल्या बिळांत राहतो. ज्याच्या अंगणाच्या कडेला शेंकडों सॅलॅमँडर नांदत आहेत अशा गृहस्थाला जन्मांत एकही दृष्टीस पडूं नये, हें अगदीं शक्य आहे. अपवाद फक्त वसंतांतील एक-दोन पावसाळी रात्रींचा.

हा अपवाद माणसाच्या लक्षांत यावयास इतकीं शतकें कां लागलीं, याचीच हकीगत आज सांगावयाची आहे.

युरोपांत सॅलॅमँडरची जोडी जमली ती पाण्याशीं नव्हे, अग्नीशीं. हा प्राणी आगींतून चालत जातो व ती विझवितो, अशी ऐकीव गोष्ट ॲरिस्टॉटलनें नोंदून ठेविली आहे. पहिल्या शतकांतील रोमन ग्रंथकार प्लिनी, जो पुढें इ. स. 79 मध्यें व्हेसुव्हियसच्या उद्रेकाच्या वेळीं मरण पावला, त्यानें तर त्याचें कारणही देऊन टाकलें : याचें अंग बर्फासारखें थंड असतें, म्हणून ज्वाला विझते. याच ग्रंथांत दुसऱ्या एका ठिकाणीं या कथेला नकार देणारें मतही त्यानें नमूद केलें आहे. पण कथेच्या वेगापुढें शंका मागें पडली. सोळाव्या शतकांतील इटालियन सोनार व शिल्पकार बेन्व्हेनुतो चेल्लिनी (1500–1571) यानें आपल्या आत्मचरित्रांत एक मौजेची आठवण दिली आहे. तो पांचेक वर्षांचा असतांना वडिलांना आगटींतल्या निखाऱ्यांत सरड्यासारखा एक प्राणी दिसला. त्यांनीं मुलांना हांक मारली, तो प्राणी दाखविला, आणि बेन्व्हेनुतोच्या कानशिलांत एक भडकावली. पोर रडूं लागलें तेव्हां समजूत घालून ते म्हणाले कीं, हें अपराधाबद्दल नव्हे. तूं सॅलॅमँडर पाहिलास हें तुझ्या जन्मभर ध्यानांत राहावें म्हणून. वर थोडीं नाणींही दिलीं. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस यानें तर ज्वाळांतला सॅलॅमँडर हेंच आपलें राजचिन्ह केलें होतें. शांबोरच्या राजवाड्यांत तो आजही जागोजागीं कोरलेला दिसतो. मार्को पोलोनें मात्र तेराव्या शतकांतच सांगून ठेविलें होतें कीं, न जळणारें 'सॅलॅमँडरचें वस्त्र' हें कोणा प्राण्याच्या केसांचें नसून डोंगरांतून खणून काढलेल्या खनिजाचें असतें. तें खनिज म्हणजे ॲस्बेस्टॉस. पण प्रवाशाच्या शब्दावर घरबसल्या पंडितांचा विश्वास बसणें कठीणच.

या साऱ्या कथेच्या मुळाशीं बहुधा एक साधी गोष्ट असावी. थंडींत सॅलॅमँडर कुजक्या ओंडक्यांच्या पोकळींत आसरा घेतो. तो ओंडका घरांत आला, आगटींत पडला, कीं शेक लागतांच आंतला पाहुणा लगबगीनें बाहेर येणार. पाहणाराला तो ज्वाळेंतून जन्मल्यासारखा दिसला तर नवल काय?

परंतु ज्या जागीं प्लिनीनें आगीची कथा लिहिली, तेथेंच त्यानें आणखी एक गोष्ट लिहिली आहे, व तिच्याकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं. ती अशी कीं, हा प्राणी मोठ्या पावसाशिवाय दिसत नाहीं आणि आकाश निवळलें कीं नाहींसा होतो. एक विधान अद्भुत आणि खोटें, दुसरें साधें आणि खरें. दोन्ही शेजारीं शेजारीं. युरोपनें पहिलें उचललें. मला वाटतें, याचा दोष केवळ भोळेपणाला देतां येणार नाहीं. आगीची कथा ऊबदार खोलींत बसून सांगतां येते. पावसाची खात्री करून घ्यावयाची तर रात्रीं चिखल तुडवीत रानांत जावें लागतें.

सतराव्या-अठराव्या शतकांत प्रयोगाचें युग आलें, तरी ग्रह सहजासहजीं सुटले नाहींत. विषय सोडून एक हकीगत सांगतों. 1726 सालीं झुरिकचा विद्वान वैद्य शॉइख्झर यानें खडकांत सांपडलेला एक सांगाडा जगापुढें मांडला आणि हा नोहाच्या जलप्रलयांत बुडालेल्या माणसाचा असल्याचें जाहीर केलें. 1811 मध्यें फ्रेंच शास्त्रज्ञ क्युव्हिए यानें हार्लेमच्या संग्रहालयांत त्याच दगडाचा थोडा भाग कोरून काढला, आंतून पुढचे पाय मोकळे केले आणि दाखवून दिलें कीं, ज्याला लोक प्रलयांतला पापी समजत होते तो एक प्रचंड सॅलॅमँडर होता! मधल्या काळांत, 1768 सालीं, इटलींत स्पालांत्सानी यानें मात्र खरें आश्चर्य शोधून काढलें होतें. सॅलॅमँडरचा पाय तोडला तर हाडांसकट नवा पाय उगवतो, शेपूट कापली तर मणक्यांसकट नवी येते. अग्नीच्या दंतकथेहून हें सत्य कितीतरी अद्भुत आहे. पुढील शास्त्रज्ञांचें लक्ष सॅलॅमँडरकडे लागलें तें यामुळेंच. तथापि ते त्याला पाहत होते तें कांचेच्या भांड्यांत.

रानाच्या वाटेवर त्यांना नेलें तें त्याच्या अंड्यांनीं. ठिपकेदार सॅलॅमँडरचीं अंडीं मोठीं आणि पारदर्शक असतात. आंतला गर्भ कसा घडतो हें डोळ्यांनीं पाहतां येतें. 1880 च्या सुमारास एस्. एफ्. क्लार्क यानें या वाढीचें वर्णन प्रसिद्ध केलें. येल विद्यापीठांतील रॉस हॅरिसन (1870–1959) यानें तर गर्भाच्या पायाचा अंकुर काढून तो उलटसुलट बसविला आणि डावा पाय डावा व उजवा पाय उजवा केव्हां ठरतो, या प्रश्नाचा छडा लावला. त्यानें ठरविलेल्या गर्भवाढीच्या पायऱ्या आजही 'हॅरिसनच्या अवस्था' म्हणून वापरल्या जातात. पण असल्या प्रयोगांना अंडीं पाहिजेत, तीं ताजीं पाहिजेत, आणि तीं मिळतात वर्षांतून एकदांच. डबक्यांत तीं नेमकीं कधीं येतात? हा प्रश्न आतां प्रयोगशाळेच्या निकडीचा झाला.

विसाव्या शतकाच्या आरंभीं कांहीं तरुण अभ्यासक कंदील घेऊन डबक्यांच्या कांठीं जाऊं लागले. 1907 सालीं बर्ट्राम स्मिथ यानें या जातीच्या प्रजननाविषयीं निबंध लिहिला. 1909 सालीं कॉर्नेल विद्यापीठाच्या राइट आणि ॲलन या जोडीनें दुसरा लिहिला. त्यांतला ॲलन पुढें पक्षिशास्त्रज्ञ म्हणून नांवारूपास आला. 1930 मध्यें मिशिगन विद्यापीठांतील फ्रँक ब्लँचर्ड यानें तर यात्रेला निघण्याची प्रेरणा कोणती, हाच आपल्या लेखाचा विषय केला. आमच्या कोंकणांतल्या पोराचा प्रश्न तो हाच! फरक एवढाच कीं, ब्लँचर्डनें त्याच्या उत्तरासाठीं पाऊस आणि उष्णमान यांच्या नोंदी तपासल्या.

या व पुढील निरीक्षकांच्या टिपणांवरून त्या रात्रीचें जें चित्र उभें राहतें तें असें. मार्च किंवा एप्रिल महिना आहे. बर्फ बहुतेक वितळलें असून सावलींत कोठें कोठें शिल्लक आहे. जमिनीचा गोठलेपणा गेला आहे. सूर्य मावळल्यावर पाऊस लागतो आणि हवा पांच-सहा अंश सेंटिग्रेडच्या वर राहते. एवढें जुळलें कीं पानांच्या थराखालून एकेक डोकें वर येतें. बहुधा नर आधीं निघतात, माद्या मागाहून. पाय आखूड, चाल मंद; पण दिशा ठरलेली. वाटेंत बर्फाचा तुकडा लागला तर त्याच्यावरूनही जातात. हीं सारीं जातात रानांतल्या डबक्यांकडे, आणि डबकेंही कसलें, तर वितळलेल्या बर्फानें भरणारें व उन्हाळ्याच्या अखेरीस आटणारें. आटतें म्हणून त्यांत मासे नाहींत, आणि मासे नाहींत म्हणून अंडीं वांचतात. तळ्याचा जो दोष तोच या प्राण्याचा आधार. पाण्यांत नरांचे थवे जमतात व एकमेकांभोंवतीं घुसळूं लागतात, त्यानें पाण्याचा पृष्ठभाग उकळल्यासारखा हलतो. बेडकांप्रमाणें येथें नर मादीला मिठी मारून बसत नाहीं. बुडालेल्या पानांवर, काटक्यांवर तो शुक्राणूंच्या पांढुरक्या इवल्याशा राशी ठेवून देतो, आणि मादी त्यांवरून जातांना त्या आपल्या शरीरांत घेते. स्मिथनें या राशींच्या रचनेवर 1910 मध्यें वेगळा लेखच लिहिला. एक-दोन दिवसांनीं मादी काटक्यांना अंड्यांचे गोळे चिकटविते. तिचीं अंडीं शंभर-दीडशेंच्या घरांत जातात. तिचें काम झालें कीं पुढील पावसाळी रात्रीं ती रानांत परत! न्यू इंग्लंडांतले लोक या रात्रीला 'बिग नाइट', म्हणजे मोठी रात्र, म्हणतात.

हीं अंडीं पुढें हिरवीं दिसूं लागतात. 1888 सालीं हेन्री ऑर या शास्त्रज्ञानें लिहिलें कीं, अंड्यांच्या आवरणांत एक प्रकारचें सूक्ष्म शेवाळ वाढतें. 1940 नंतर पेरी गिल्बर्टनें प्रयोगांनीं दाखविलें कीं, शेवाळ असलेल्या अंड्यांतील गर्भ अधिक चांगले वाढतात. उभयतांचा व्यवहार सरळ आहे : गर्भाच्या उत्सर्गांतून शेवाळाला खत मिळतें, शेवाळाकडून गर्भाला प्राणवायु. 2011 मध्यें रायन कर्नी व त्याच्या सहकाऱ्यांनीं याहून पुढची गोष्ट प्रसिद्ध केली. हें शेवाळ गर्भाच्या पेशींच्या आंतही शिरतें. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत असा सहवास तोंवर कोणीं पाहिला नव्हता.

मग प्रश्न आला वाटेचा. काळोख्या रात्रीं, जमिनीलगत चालणाऱ्या या जीवाला डबकें सांपडतें कसें? 1965 सालीं शूप या शास्त्रज्ञानें डबक्याभोंवतीं कुंपण घालून येणाऱ्या-जाणाऱ्यांची मोजदाद केली. त्याला आढळलें कीं, सॅलॅमँडर ज्या बाजूनें येतो साधारण त्याच बाजूनें परत जातो. कॅलिफोर्नियांत हॅरिसनचाच शिष्य व्हिक्टर ट्विटी (1901–1967) यानें तर यासाठीं आयुष्याचीं शेवटचीं वर्षें खर्चिलीं. त्याचा प्राणी वेगळा, तांबड्या पोटाचा न्यूट. पेपरवुड ओढ्यावर त्यानें हजारों न्यूटांवर खुणा केल्या, त्यांना डोंगराची धार ओलांडून कांहीं मैल दूर दुसऱ्या ओढ्यांत नेऊन सोडलें, आणि पुढील वर्षांत त्यांतले पुष्कळ आपल्या मूळ ओढ्याच्या मूळ वळणावर हजर झाले! डोळे काढलेले न्यूटही परत आले. हे प्रयोग ऐकतांना अंगावर कांटा येतो हें खरें; पण वाट दृष्टीनें सांपडत नाहीं, वासाचा तिच्यांत मोठा वांटा आहे, याकडे बोट दाखविलें तें त्यांनींच. खुणेसाठीं बोटांचीं टोकें कापण्याची रीति होती, आणि येथें स्पालांत्सानीचा शोध आडवा येई. कापलेलें बोट पुन्हा उगवे. ठिपकेदार सॅलॅमँडरच्या अभ्यासकांना याहून सौम्य उपाय सांपडला आहे. प्रत्येकाच्या पाठीवरील ठिपक्यांची मांडणी निराळी असते. छायाचित्र घेतलें कीं ओळख पटते. तोच प्राणी त्याच डबक्यावर वर्षानुवर्षें येतांना असा ओळखतां येतो. त्यांचें आयुष्य वीस वर्षांवरही जातें.

आणि येथेंच या कथेंत मोटारगाडी येते. ज्याची वाट वीस वर्षें बदलत नाहीं, त्याच्या वाटेवर एके वर्षीं डांबरी रस्ता होतो. पावसाळी रात्र, मंद चाल, काळें अंग. गाडी हांकणाऱ्याला कांहीं दिसतही नाहीं. मॅसॅच्युसेट्स राज्यांत ॲमहर्स्ट म्हणून विद्यापीठाचें गांव आहे. तेथील हेन्री स्ट्रीटच्या एका अंगाला टेकडीवरचें रान आणि दुसऱ्या अंगाला डबकीं. गांवचे लोक पावसांत विजेऱ्या घेऊन उभे राहत व एकेक सॅलॅमँडर उचलून पलीकडे पोंचवीत. 1987 सालीं त्या रस्त्याखालीं दोन लहान बोगदे घातले गेले. अमेरिकेंत खास सॅलॅमँडरसाठीं असे बोगदे तोंपर्यंत नव्हते. बोगद्यांच्या छताला फटी ठेविल्या, कारण तळ ओला नसेल तर हा प्राणी पाऊल घालीत नाहीं. तोंडाशीं आणून सोडण्यासाठीं दोन्हीं बाजूंना बुटकीं कुंपणें घातलीं. पाहणी केली तेव्हां तोंडापर्यंत आलेल्यांपैकीं सुमारें तीन-चतुर्थांश पार गेले असें दिसलें. न्यू जर्सींतील ईस्ट ब्रन्स्विक या गांवीं याहून सोपी युक्ति आहे. यात्रेच्या रात्रीं तेथील एक रस्ताच वाहनांना बंद करतात.

हा सारा खटाटोप हौशी लोकांचा खेळ आहे असें कोणास वाटेल. मलाही प्रथम तसेंच वाटलें होतें. पण 2005 सालीं गिब्स आणि श्रायव्हर यांनीं हिशेब मांडला कीं, प्रौढ सॅलॅमँडरांपैकीं शेंकडा 10 हून अधिक जर दरवर्षीं रस्त्यावर मरूं लागले, तर तेथील वस्ती कालांतरानें नामशेष होण्याची भीति आहे. ज्याचा भरंवसा दीर्घ आयुष्यावर आहे त्याला वार्षिक तोटा परवडत नाहीं. आणि तोटा रानालाही होतो. न्यू हॅम्पशायरमधील हबर्ड ब्रुक येथील रानांत बर्टन आणि लाइकन्स यांनीं 1975 मध्यें सर्व जातींच्या सॅलॅमँडरांचें एकत्र वजन काढलें. त्यांत मोठा भाग ठिपकेदाराचा नसून दुसऱ्या एका लहान जातीचा होता. पण एकूण वजन विणीच्या हंगामांतील पक्ष्यांच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट भरलें. ज्यांचें गाणें आपण ऐकतों त्यांच्यापेक्षां न दिसणाऱ्यांचा भार अधिक.

कायद्याचें पाहिलें तर त्याची नजरही डबक्यावरच खिळलेली. मॅसॅच्युसेट्सांत नोंदलेल्या डबक्याच्या कांठापासून 100 फुटांपर्यंत अधिवासाची मर्यादा धरतात. हा कायदा पुष्कळ राज्यांपेक्षां उदार आहे. परंतु 1998 मध्यें सेम्लिट्श यानें निरनिराळ्या पाहण्या एकत्र करून काढलेला आंकडा असा कीं, अशा सॅलॅमँडरांपैकीं शेंकडा 95 सामावून घ्यावयाचे तर कांठापासून 164 मीटर, म्हणजे 500 फुटांहून जास्त रान राखावें लागेल. कायद्यानें अंडीं घालण्याची जागा राखली. राहण्याची बरीचशी मोकळी सोडली. बाळंतिणीची खोली ठेवून बाकीचें घर पाडावें, त्यांतलाच हा प्रकार.

आपल्या देशांतही एक सॅलॅमँडर आहे, हें फारच थोड्यांना ठाऊक असतें. कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमचा प्रमुख जॉन अँडरसन यानें 1868 च्या युनान मोहिमेंत मिळालेल्या नमुन्यांवरून 1871 सालीं त्याच्या वंशाचें वर्णन केलें. दार्जिलिंगच्या डोंगरांत आढळणारी जात अँडरसनच्याच जातींत गणली जात असे. 2015 मध्यें ती स्वतंत्र ठरली आणि तिला हिमालयाचें नांव मिळालें. हिच्या यात्रेला वितळत्या बर्फाचें निमित्त लागत नाहीं. पावसाळ्याची चाहूल लागली कीं ती जमिनींतून निघून तळ्यांत उतरते. दार्जिलिंगजवळ जोडपोखरी येथें तिच्यासाठीं अभयारण्य आहे. म्हणजे आपल्या देशांतल्या या जातीचें वेळापत्रक चढणीच्या माशांसारखें पावसानेंच ठरतें.

ॲमहर्स्टच्या लोकांकडे पुन्हा वळतों. वसंतांतली मोठी रात्र त्यांना आतां पाठ आहे. आकाश पाहून ते बूट आणि विजेऱ्या काढून ठेवतात, मुलांना जागें ठेवतात. पण डबक्यांतल्या पिल्लांची मोठी रात्र पुढें असते. उन्हाळ्यांत पाणी ओसरूं लागतें, तीं कल्ले टाकून फुफ्फुसांनीं श्वास घेऊं लागतात, आणि जुलैपासून सप्टेंबरपर्यंत जेव्हां पाऊस पडेल त्या रात्रीं, दोन-अडीच इंचांचीं तीं पोरें, आईबापांपैकीं कोणी सोबत नसतांना रानाकडे निघतात. रस्ता तोच असतो, दिशा उलटी. या यात्रेची एक ठराविक रात्र नसते, आणि त्या वेळीं रस्त्याच्या कडेला विजेरी घेऊन सहसा कोणी उभें नसतें.